सहा दाखले, एक फॉर्म: अनेक फायली अपलोड होताना नेमकं काय होतं

पुण्यात जून-जुलै हे फॉर्मचे महिने. अकरावी, डिप्लोमा, इंजिनिअरिंग, वसतिगृह, शिष्यवृत्ती, आणि या प्रत्येकासोबत जोडायची कागदपत्रं: उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, पासबुकाचं पहिलं पान. पूर्वी अप्पा बळवंत चौकात झेरॉक्स काढून, टाचणी लावून हा गठ्ठा खिडकीत दिला की काम संपायचं. आता तोच गठ्ठा मोबाईलवरून चढवायचा असतो, आणि तो वाटेत कुठेतरी अडकतो.

ज्या मुलीसाठी हा फॉर्म असतो ती बहुधा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत असते, नाहीतर अजून गावीच असते. फोनवर रेंजच्या दोन काड्या, दिवसाचा डेटा संपत आलेला, आणि शेवटची तारीख उद्यावर. फॉर्म बनवणारा मात्र बाणेरच्या नाहीतर खराडीच्या ऑफिसात फायबरच्या जोडणीवर बसतो, तीन छोट्या फायली टाकून बघतो आणि काम झालं म्हणून कळवतो. मी पुण्यातल्या लहान संस्थांसाठी असे फॉर्म बनवतो. हा लेख बनवणाऱ्यांसाठी आहेच, पण फॉर्म बनवून घेणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी जास्त आहे. आपण नेमकं काय मागायचं हे त्यांना कळलं, तर निम्मे त्रास आधीच टळतात.

माझं सगळं म्हणणं एका वाक्यात येतं. अनेक फायली घेणाऱ्या फॉर्ममध्ये प्रत्येक फाईल स्वतंत्रपणे पोहोचते आणि स्वतंत्रपणे अडकते. सगळ्यांना एका दावणीला बांधलं की एका फाईलपायी बाकीच्या पाच बुडतात.

बटण दाबल्यावर काय जातं

वेबपानावरून फाईल पाठवायची सोय वेबच्या जन्मापासून नव्हती. नोव्हेंबर १९९५ मध्ये झेरॉक्स कंपनीतल्या अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मासिंटर यांनी त्यासाठीचा मसुदा मांडला. आरएफसी १८६७ हा त्याचा क्रमांक; आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारी क्रमांकित कागदपत्रं. त्यातली मुख्य कल्पना आजही तशीच चालू आहे. तिचं नाव मल्टिपार्ट फॉर्म-डेटा.

साधा फॉर्म आपली माहिती एका ओळीत जोडून पाठवतो: नाव अमुक, गाव तमुक. त्यात फाईल मावत नाही. फॉर्मला 'मल्टिपार्ट' सांगायचं राहून गेलं तर ब्राउझर बिनतक्रार फाईलचं नुसतं नाव पाठवतो आणि फाईल मुलीच्या फोनमध्येच राहते. पडद्यावर मात्र काही बिघडल्याचं दिसत नाही. नव्या प्रोग्रामर मुलांनी बनवलेल्या फॉर्ममध्ये सगळ्यात आधी मी हेच तपासतो.

मल्टिपार्ट सांगितलं की ब्राउझर सगळ्या गोष्टी एकाच गठ्ठ्यात ठेवतो, पण प्रत्येक दोन गोष्टींच्या मध्ये एक खुणेची ओळ घालतो. झेरॉक्सच्या दुकानात चार गिऱ्हाइकांचे कागद एकत्र निघाले तर दुकानदार प्रत्येकाच्या संचानंतर एक रंगीत कागद सरकवतो, अगदी तसंच. या खुणेच्या ओळीला बाउंड्री म्हणतात. ती प्रत्येक वेळी नवी आणि लांबलचक असते, म्हणजे फाईलच्या आतल्या मजकुराशी तिची गल्लत होत नाही. प्रत्येक भागाच्या डोक्यावर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: फॉर्मच्या कोणत्या रकान्यातून हे आलं, फाईलचं मूळ नाव काय, आणि पाठवणाऱ्याच्या मते ती कोणत्या प्रकारची आहे. मग एक रिकामी ओळ, आणि त्याखाली फाईल जशीच्या तशी.

आता एकाच रकान्यातून सहा फायली आल्या तर? जुन्या मसुद्यात त्या सहांचा वेगळा उपगठ्ठा बांधून तो मोठ्या गठ्ठ्यात ठेवायची सोय होती. जुलै २०१५ मध्ये आलेल्या आरएफसी ७५७८ ने, जो मासिंटर यांनीच लिहिला, ती पद्धत बाद केली. आता प्रत्येक फाईल स्वतंत्र भाग म्हणून जाते आणि रकान्याचं तेच नाव सहाही भागांवर पुन्हापुन्हा लिहिलेलं असतं. ही बाब नीट लक्षात ठेवा, कारण सर्व्हरकडच्या, म्हणजे फॉर्म जिथे पोहोचतो त्या संगणकावरच्या, बऱ्याच गोंधळाचं मूळ तिच्यात आहे. एकाच नावाचे सहा भाग आल्यावर 'त्या नावाची फाईल दे' असं मागितलं तर कोणती मिळणार?

उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. जँगो आणि फ्लास्क ही पायथन भाषेत वेबसाइट बनवायची साधनं. जँगोमध्ये सरळ नावाने मागितलं तर शेवटची फाईल मिळते. फ्लास्कमध्ये पहिली मिळते. दोन्हीकडे सगळ्या हव्या असतील तर 'गेटलिस्ट' वापरावं लागतं. पीएचपी या वेबसाइट बनवायच्या भाषेत रकान्याच्या नावापुढे रिकामे चौकटी कंस लावले नाहीत, म्हणजे 'दाखले' ऐवजी 'दाखले[]' असं लिहिलं नाही, तर आधीच्या फायलींवर पुढच्या चढत जातात आणि शेवटची तेवढी उरते. कंस लावले तरी पीएचपीची मांडणी विचित्र आहे: सगळी नावं एका यादीत, सगळे आकार दुसऱ्या यादीत, सगळे त्रुटीचे क्रमांक तिसऱ्या यादीत. फाईलवार माहिती हवी तर ती आपणच उलटी फिरवून घ्यायची. हे फिरवण्याचं काम एका छोट्या फंक्शनमध्ये एकदाच लिहून ठेवा.

त्रुटीच्या क्रमांकांची यादी तर अनेकजण उघडतच नाहीत, आणि मला ते फार खटकतं. प्रत्येक फाईलला तिचा स्वतःचा क्रमांक मिळतो. शून्य म्हणजे ठीक. १ म्हणजे फाईल मर्यादेपेक्षा मोठी, ३ म्हणजे अर्धवट आली, ४ म्हणजे काही निवडलंच नाही. एवढी स्पष्ट माहिती हातात असताना विद्यार्थिनीला 'काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा' असा निरोप देणं अन्यायाचं आहे.

मर्यादा एक नसते, चार असतात

'साइट माझी फाईल घेत नाही' या तक्रारीच्या मागे बहुतेक वेळा आकाराची मर्यादा असते. गंमत कमी आणि त्रास जास्त असा प्रकार आहे हा, कारण मर्यादा एकाखाली एक लावलेल्या असतात आणि सगळ्यात लहान असेल तीच खरी ठरते.

पीएचपीत, कोणी काही बदललं नसेल तर, एका फाईलला २ एमबीची मर्यादा असते. सगळा गठ्ठा मिळून ८ एमबीची. आणि एका खेपेत जास्तीत जास्त २० फायलींची. त्याच्याही पुढे, दारातच एंजिनएक्स, म्हणजे येणारी प्रत्येक विनंती आधी घेणारा सर्व्हर-प्रोग्राम, बसवलेला असेल तर त्याची स्वतःची मर्यादा आहे, आणि ती न बदलल्यास फक्त १ एमबी आहे. तिथे अडलं तर ४१३ क्रमांकाची त्रुटी येते, इंग्रजीत, पांढऱ्या पानावर, आणि आपला प्रोग्राम जागाही झालेला नसतो. म्हणून आपण लिहिलेला मराठी निरोप तिथे दिसू शकत नाही.

आता हिशोब मांडू. आजच्या साध्या फोनच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो ३ ते ४ एमबीचा सहज असतो. सहा कागदपत्रं म्हणजे १८ ते २४ एमबी. पीएचपीची ८ एमबीची मर्यादा तिसऱ्या फोटोलाच ओलांडली. आणि ती ओलांडल्यावर पीएचपी काय करतं ते बघा: सगळाच गठ्ठा रिकामा दाखवतं. फायली तर नाहीतच, पण नाव, पत्ता, जन्मतारीख यांचे रकानेही रिकामे. प्रोग्रामला वाटतं की कोणी काहीच भरलं नाही. मुलीला लाल अक्षरात निरोप दिसतो, 'कृपया आपले नाव भरा'. तिने नाव भरलेलं असतं. ती पुन्हा भरते, पुन्हा तेच होतं. संस्थेच्या ऑफिसात फोन येतो, तिथल्या ताईंना काही कळत नाही, त्या सांगतात की दुसऱ्या मोबाईलवरून बघ. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, एका ओळीत लिहिलेलं असतं.

२० फायलींची मर्यादा त्याहून गुपचूप काम करते. एकविसावी फाईल आली तर पीएचपी ती सोडून देतं, इशारा लॉगमध्ये लिहितं आणि पुढे जातं. सेमिस्टरच्या गुणपत्रिकांची दोन्ही बाजूंची पानं, शिवाय इतर दाखले असा अर्ज असला की वीसचा आकडा वाटतो तेवढा लांब नसतो.

उपाय दोन. एक, चारही मर्यादा एकत्र बसून ठरवायच्या आणि एकमेकींशी जुळवायच्या: एका फाईलची, गठ्ठ्याची, संख्येची, आणि दारावरच्या सर्व्हरची. दोन, फायली मुळात लहान करून पाठवायच्या. हा दुसरा उपाय मला जास्त मोलाचा वाटतो, कारण त्याने त्या मुलीचा डेटाही वाचतो. ए-फोर कागद २०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला २०० ठिपक्यांनी, स्कॅन केला तर साधारण १६५४ बाय २३३९ पिक्सेल होतो, आणि तेवढ्यात तहसीलदारांचा शिक्काही वाचता येतो. फोनचा फोटो बहुधा त्याहून बराच लांब-रुंद असतो. ब्राउझरमध्येच कॅनव्हास ही चित्र नव्याने रेखायची सोय वापरून फोटोची लांब बाजू २३०० पिक्सेलवर आणली आणि जेपेग करून पाठवला, तर चार एमबीचा फोटो बहुतेक वेळा एक एमबीच्या आसपास किंवा खाली येतो. कॅनव्हासमधून गेलेल्या फोटोत मूळ फोटोची छुपी माहितीही उरत नाही, आणि त्या छुप्या माहितीत अनेकदा घराचं नेमकं ठिकाण, अक्षांश-रेखांशासह, असतं. शिष्यवृत्तीच्या संस्थेला त्याची गरज नाही.

निवडताना होणारा घात

फाईलच्या रकान्याला 'मल्टिपल' असं एक विशेषण लावलं की एकाच वेळी अनेक फायली निवडता येतात. संगणकावर हे छान चालतं. फोनवर माणसं तशी वागत नाहीत. मुलगी गुणपत्रिका टेबलावर ठेवते, कॅमेऱ्याने फोटो काढते, तो जोडला जातो. मग दाखला ठेवते, फोटो काढते, जोडते. आणि पहिला फोटो गायब होतो, कारण फाईलच्या रकान्याचा नियमच असा आहे की नवी निवड जुनीच्या जागी येते, तिच्यात मिळवली जात नाही. पडद्यावर '१ फाईल' एवढंच दिसतं आणि ते वाचायला कोण थांबतं?

म्हणून ब्राउझरच्या यादीवर विसंबू नये. आपल्या जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे पानावर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, स्वतःची यादी ठेवावी, प्रत्येक निवडीनंतर नव्या फायली तिच्यात मिळवाव्यात, आणि पडद्यावर प्रत्येकीचं छोटं चित्र, आकार आणि काढून टाकायचं बटण दाखवावं. त्याच फाईलची दुसऱ्यांदा निवड झाली तर तेही सांगावं.

इथे एक मूलभूत प्रश्न विचारायला हवा, आणि तो प्रोग्रामरपेक्षा संस्थेने विचारावा: एकच 'मल्टिपल' रकाना खरंच हवा आहे का? कोणती कागदपत्रं लागणार हे आधीच ठरलेलं असेल तर प्रत्येकासाठी वेगळा रकाना द्या. 'उत्पन्नाचा दाखला' असं लिहिलेल्या ठिकाणी उत्पन्नाचा दाखलाच येतो. सगळं एका पोत्यात घेतलं की कोणता कागद कोणता हे ओळखायचं काम ऑफिसातल्या माणसावर पडतं, आणि तीनशे अर्जांच्या अठराशे फायली उघडून बघणं हे काम एखाद्या निवृत्त स्वयंसेवकाला आठवडाभर पुरतं. फायली टिचकी मारल्याच्या क्रमाने येतील याचीही खात्री नसते. जिथे संख्या आधी सांगता येत नाही, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका किंवा पुरात झालेल्या नुकसानीचे फोटो, तिथेच 'मल्टिपल' शोभतं.

आणखी एक गोष्ट ब्राउझर करू देत नाही, आणि ती योग्य आहे: फाईलचा रकाना पानाला आपणहून भरता येत नाही. तसं करता आलं असतं तर कोणतीही वेबसाइट तुमच्या संगणकातली फाईल न विचारता उचलू शकली असती. पण याचा परिणाम असा की मोबाईल नंबरात एक आकडा कमी पडला म्हणून सर्व्हरने फॉर्म परत पाठवला, तर नाव-पत्ता पुन्हा भरलेला दिसतो आणि सहाही फायली पुन्हा जोडाव्या लागतात. नऊ आकड्यांच्या मोबाईल नंबरापायी २४ एमबी डेटा दुसऱ्यांदा जातो.

एकेक फाईल, एकेक पोच

यावरचा पक्का मार्ग म्हणजे फायली आणि फॉर्म यांची फारकत. फाईल निवडली की लगेच ती एकटीच सर्व्हरकडे पाठवायची. सर्व्हर ती तपासून बाजूला ठेवतो आणि एक पोच क्रमांक देतो. मुलगी तोवर पुढचे रकाने भरत राहते. शेवटी 'सादर करा' दाबल्यावर फॉर्मसोबत फक्त सहा पोच क्रमांक जातात, काही अक्षरांचे. फॉर्म दहा वेळा परत आला तरी फायली जागच्या जागी.

वेळेचा हिशोब केला की याची किंमत कळते. २४ एमबी म्हणजे १९२ मेगाबिट. फोनचा वर जाण्याचा वेग सेकंदाला २ मेगाबिट धरला तर एक मिनिट ३६ सेकंद लागतात. एकाच गठ्ठ्यात पाठवलं आणि नव्वदाव्या सेकंदाला नेट गेलं, तर सगळं पाण्यात. एकेक पाठवलं असतं तर तोवर पाच फायली पोहोचलेल्या असत्या आणि फक्त सहावी पुन्हा पाठवावी लागली असती.

मग सहाही एकदम सुरू कराव्यात का? अनेकजण तसं करतात. वेगवान नेटवर ते खपूनही जातं. पण कमजोर नेटवर सहा फायली तोच चिंचोळा रस्ता वाटून घेतात, सगळ्या अर्ध्यावर येतात आणि नेट गेलं की एकही पूर्ण झालेली नसते. मी एका वेळी दोन ठेवतो. नेट फारच मंद वाटलं तर एक. अडली तर एका सेकंदाने पुन्हा, मग दोन सेकंदांनी, मग चार, असं थांबत प्रयत्न करायचा. लगेच लगेच धडका मारल्या तर शेवटच्या तारखेच्या रात्री हजार फोन मिळून सर्व्हरलाच झोपवतात.

पुन्हा पाठवण्यात एक बारीक खोच आहे. कधी फाईल पोहोचलेली असते पण 'पोहोचली' हा निरोप परत येताना नेट जातं. फोनला वाटतं गेलीच नाही, तो पुन्हा पाठवतो, आणि सर्व्हरवर एकाच दाखल्याच्या दोन प्रती होतात. यासाठी प्रत्येक फाईलला फोनवरच एक खास ओळख द्यावी आणि पुन्हा पाठवताना तीच ओळख लावावी. सर्व्हरने ती आधी पाहिली असेल तर नवी प्रत न ठेवता जुनाच पोच क्रमांक द्यावा.

प्रगतीच्या पट्टीबद्दल थोडं. पानावरून सर्व्हरशी बोलायच्या दोन पद्धती आहेत. जुन्या एक्सएमएल-एचटीटीपी-रिक्वेस्टमध्ये किती बाइट गेले हे कळतं. नव्या 'फेच'मध्ये फाईल वर जाताना तशी घटना मिळत नाही, म्हणून पट्टी हवी तर अजूनही जुनीच पद्धत वापरली जाते. आणि पट्टी शंभर टक्के झाली याचा अर्थ बाइट फोनमधून निघाले एवढाच. हिरवी खूण सर्व्हरचं उत्तर आल्यावरच दाखवा. मधल्या काळात 'तपासत आहोत' असं लिहा. मुलं हिरवी खूण दिसली की पान बंद करतात.

या पद्धतीत दोन जबाबदाऱ्या वाढतात. फायली येतात पण अर्ज कधीच सादर होत नाही, अशा बेवारस फायली साठत जातात. त्यांना ठरावीक मुदत द्या, समजा सात दिवस, आणि रात्री चालणाऱ्या कामाने त्या पुसा. दुसरं, पोच क्रमांक १, २, ३ असे ओळीने देऊ नका. कोणी आपल्या फॉर्ममध्ये दुसऱ्याचा क्रमांक घालून दुसऱ्याचा दाखला स्वतःच्या नावावर जोडू शकतं, किंवा नुसता पाहू शकतं. क्रमांक लांब आणि अंदाज न येणारा हवा, आणि सादर होताना तो त्याच अर्जदाराचा आहे का हे सर्व्हरने तपासायला हवं.

नाटकाचं चित्रीकरण किंवा मोठे व्हिडिओ घ्यायचे असतील तर एकच फाईल तुकड्यांत पाठवावी लागते. त्यासाठी 'टस' नावाची खुली पद्धत आहे, आणि अॅमेझॉनच्या एस-थ्री साठवणुकीत शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा किमान ५ एमबीचा ठेवून हे करता येतं. दाखल्यांच्या फॉर्मला एवढ्या खटाटोपाची गरज नाही.

मराठी नावांची फाईल

हा भाग इंग्रजी मार्गदर्शनात सहसा सापडत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. बरेच प्रोग्रामर सुरक्षिततेसाठी फाईलच्या नावातून इंग्रजी अक्षरं, आकडे आणि टिंब सोडून बाकी सगळं गाळून टाकतात. 'उत्पन्नाचा दाखला डॉट पीडीएफ' या नावातून देवनागरी गाळली की उरतं फक्त 'डॉट पीडीएफ'. 'जातीचा दाखला' आणि 'गुणपत्रिका' यांचंही तेच होतं. तीन फायली, नाव एकच, आणि साठवताना तिसरी पहिल्या दोघींना पुसून टाकते. ज्यांनी आपल्या कागदांना नीट मराठीत नावं दिली त्यांचेच कागद हरवतात, हे मला अजिबात सहन होत नाही.

नावाची लांबीही वेगळी मोजली जाते. लिनक्सच्या नेहमीच्या फाईल-व्यवस्थेत नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, पाय मोडायची खूण ही सगळी वेगळी मोजली जातात. 'उत्पन्नाचा' या एका शब्दात अशी दहा चिन्हं आहेत, म्हणजे ३० बाइट. एकूण ८५ चिन्हांत मर्यादा संपते. 'कुमारी अमुक तमुक बारावी विज्ञान शाखा गुणपत्रिका मूळ प्रत' अशा नावाच्या आगेमागे आणखी सात-आठ शब्द आले की साठवण फसते.

आयफोनची अडचण याच्या उलट आहे. ब्राउझरमधून थेट कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंना तो बहुधा 'इमेज डॉट जेपीजी' असंच नाव देतो, सहाही फोटोंना तेच.

दोन्हींवर उत्तर एकच: साठवताना आलेलं नाव वापरायचंच नाही. सर्व्हरने स्वतः बनवलेलं नाव द्यावं, आणि विद्यार्थ्याने दिलेलं मूळ नाव डेटाबेसमध्ये जसंच्या तसं, देवनागरीसकट, जपून ठेवावं. पडद्यावर तेच दाखवावं.

आलेली फाईल खरंच तीच आहे का

नावाच्या शेवटी पीडीएफ लिहिलं म्हणून ती पीडीएफ होत नाही. भागाच्या डोक्यावर ब्राउझरने लिहिलेला प्रकारही पाठवणाऱ्याचा दावा असतो. खरी ओळख फाईलच्या पहिल्या काही बाइटमध्ये असते. जेपेगचे पहिले तीन बाइट २५५, २१६, २५५ असतात. पीएनजी १३७ ने सुरू होते आणि पुढच्या तीन बाइटमध्ये पीएनजी ही अक्षरं असतात. पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि मग पीडीएफ ही अक्षरं. सर्व्हरने हे तपासावं, आणि फोटो असेल तर एकदा उघडून नव्याने साठवावा. एसव्हीजी प्रकारची चित्रं घेऊच नका. त्यांच्या पोटात स्क्रिप्ट लपवता येते. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन हेइक प्रकारात फोटो काढतो; ते सर्व्हरवर जेपेगमध्ये बदलून घ्या, नाहीतर ऑफिसच्या जुन्या संगणकावर उघडणार नाहीत.

साठवायची जागा वेबसाइटच्या उघड्या फोल्डरमध्ये नको. पत्ता माहीत असला की कुणालाही दिसेल अशा ठिकाणी आधार कार्ड आणि उत्पन्नाचे दाखले ठेवणं धोक्याचं आहे. दाखला मागितल्यावर आधी विचारणारा कोण ते तपासायचं, मगच फाईल द्यायची. वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा २०२३ मध्ये आपल्याकडे झाला आहे, आणि लहान संस्थेनेही निवड पूर्ण झाल्यावर नाकारलेल्या अर्जांचे कागद किती दिवस ठेवायचे हे लिहून ठरवलं पाहिजे.

निरोपांची भाषा हा शेवटचा पण मोठा मुद्दा. 'अपलोड अयशस्वी' पेक्षा 'उत्पन्नाचा दाखला: ही फाईल १२ एमबीची आहे, ५ एमबीपर्यंत चालते. बाकीच्या पाच फायली पोहोचल्या आहेत' हा निरोप लिहायला दहा मिनिटं जास्त लागतात. दुसरं वाक्य विसरू नका. एक फाईल अडली की बाकीच्यांचं काय झालं या काळजीने मुलं सगळंच पहिल्यापासून करतात. पाच आल्या आणि सहावी राहिली तर अर्ज मसुदा म्हणून ठेवा, आणि तहसीलमधून दाखला हातात पडल्यावर मुलीला पुन्हा येऊ द्या.

तपासणी करताना ऑफिसचं वायफाय बंद करा. क्रोममध्ये नेट मुद्दाम मंद करायची सोय आहे, ती लावा, पण तेवढ्यावर भागवू नका. एखादा स्वस्तातला अँड्रॉइड फोन घेऊन स्वारगेटच्या गर्दीत उभं राहून अर्ज भरा. तिसरी फाईल जाताना विमान मोड लावा आणि काढा. दोन फोटो लागोपाठ कॅमेऱ्याने काढून दोन्ही राहतात का बघा. मराठी नावाच्या तीन फायली टाका. शून्य बाइटची फाईल टाका. एकवीस फायली टाका. आणि हे सगळं शेवटच्या तारखेच्या निदान दोन आठवडे आधी करा, कारण एंजिनएक्सची मर्यादा वाढवायची असेल तर ती अनेकदा होस्टिंगवाल्यांच्या हातात असते आणि त्यांना त्यासाठी वेळ लागतो.